शेवटच्या सेकंदांचा हिशेब

फिबाच्या नियमांप्रमाणे बास्केटबॉलचा सामना दहा-दहा मिनिटांच्या चार सत्रांचा असतो. पण सामना एका-दोन गुणांवर अडला असेल, तर शेवटच्या दोन मिनिटांत पंचांचं काम पार बदलून जातं. एरवी बास्केट झाली तरी गेम क्लॉक चालूच राहतं. चौथ्या सत्रात घड्याळावर 2:00 किंवा त्याहून कमी वेळ उरलेला असताना बास्केट झाली, की ते थांबवायचं. टेबलावर बसलेला टाइमर हे विसरला, तर मागे असलेल्या संघाचे दोन-तीन सेकंद कोणाच्या लक्षातही न येता जातात. तेवढ्यात एक पास आणि एक शॉट सहज बसतो.

घड्याळ थांबवणं त्या मानाने सोपं, कारण शिट्टी ऐकू येते. ते सुरू करताना खरी कसोटी लागते. थ्रो-इनच्या वेळी चेंडू फेकणाऱ्याच्या हातातून सुटला म्हणून घड्याळ सुरू होत नाही. कोर्टावरच्या खेळाडूला चेंडू लागला की सुरू होतं. कोणी संपूर्ण कोर्ट ओलांडून लांब पास टाकला आणि तो कोणालाही न लागता बाहेर गेला, तर घड्याळावरून सेकंदाचा दहावा भागही कमी होता कामा नये. चेंडू प्रतिस्पर्ध्यांना मिळतो, तोही मूळ थ्रो-इनच्या जागेवरून. म्हणून पंच हात वर धरून उभा राहतो आणि स्पर्श होताच तो खाली आणतो. टाइमरची नजर तिथे हवी; प्रेक्षकांच्या आरोळीबरोबर बोट दाबलं गेलं, की चूक झालीच. शेवटचा फ्री थ्रो हुकला तर तिथेही हाच न्याय: रिंगवरून उसळलेला चेंडू कोर्टावरच्या खेळाडूला लागेपर्यंत घड्याळ बंदच राहतं.

स्पर्श आणि बटण यांच्यातली ही फट किती मोठी असू शकते, ते 15 जानेवारी 1990 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दिसलं. निक्स आणि बुल्स बरोबरीत होते, घड्याळावर 0.1 सेकंद होता. निक्सच्या ट्रेंट टकरने पास घेतला, वळला आणि तीन गुणांचा शॉट मारून सामना जिंकून दिला. एका दशांशात माणसाच्या हातून एवढं होणं शक्यच नाही. त्यानंतर एनबीएने नियम केला: चेंडू पकडून शॉट मारायचा तर किमान 0.3 सेकंद हवेत. फिबाचा आजचा नियमही तसाच आहे. 0.2 किंवा 0.1 उरले असतील, तर चेंडू हवेतल्या हवेत टोलवून किंवा थेट डंक करूनच बास्केट होऊ शकते. असा थ्रो-इन देण्यापूर्वी आकडा किती आहे हे पंचांनी वाचलेलं असलंच पाहिजे. शॉट झाल्यावर विचार करायला फार उशीर झालेला असतो.

1972 च्या म्युनिक ऑलिंपिकची अंतिम लढत बहुतेक जण शीतयुद्धाची गोष्ट म्हणून सांगतात. मला ती टेबलाजवळच्या गोंधळाची गोष्ट वाटते. डग कॉलिन्सच्या दोन फ्री थ्रोंनी अमेरिका 50-49 अशी पुढे गेली, तेव्हा तीन सेकंद उरले होते. दुसऱ्या फ्री थ्रोच्या वेळीच टेबलावरून हूटर वाजला. आपण टाइम-आउट मागितला होता, असं सोव्हिएत प्रशिक्षकांचं म्हणणं. खेळ सुरू झाला आणि एक सेकंद उरला असताना पंचांनी तो थांबवला. मग फिबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स खाली आले आणि त्यांनी पुन्हा तीन सेकंद द्यायला लावले. मैदानावरचा निर्णय पंचांनी द्यायचा असतो, हे त्या क्षणी बाजूला पडलं. त्यातही घड्याळ पुरतं लावून व्हायच्या आत चेंडू खेळात आला, हूटर वाजला, अमेरिकी खेळाडू आनंदाने नाचू लागले. तिसऱ्या वेळी एदेश्कोने लांब पास टाकला, बेलोव्हने बास्केट केली: 51-50. ब्राझीलचे पंच रिगेटो यांनी स्कोअरशीटवर सही करायला नकार दिला. अमेरिकेची तक्रार 3-2 मतांनी फेटाळली गेली, आणि त्या संघाने रौप्यपदकं आजवर स्वीकारलेली नाहीत.

सगळ्यात जास्त सलते ती मधली चूक. घड्याळ तयार आहे का, हे न पाहता चेंडू हाती दिला गेला.

आज मोठ्या स्पर्धांत साधनं बरीच आहेत. वेळ संपताच बोर्डाच्या कडेने लाल दिवे लागतात. त्या क्षणी चेंडू हातातून सुटून हवेत असेल, तर तो आत गेल्यावर बास्केट धरली जाते. हातात असेल तर नाही. शंका आली तर मुख्य पंच पडद्यावर चित्रण पाहू शकतो. काही ठिकाणी पंचांच्या कमरेला यंत्र असतं आणि शिट्टी वाजताच घड्याळ आपोआप थांबतं. पण शाळा-कॉलेजच्या किंवा जिल्हा पातळीच्या सामन्यात यातलं काही असेलच असं नाही. तिथे पंचाची सवय हाच आधार: प्रत्येक शिट्टीबरोबर घड्याळाकडे बघायचं आणि आकडा मनात धरायचा. वाया गेलेला किंवा जास्तीचा वेळ दुरुस्त करण्याची मुभा मुख्य पंचाची स्कोअरशीटवर सही होईपर्यंत असते. पण किती वेळ परत द्यायचा, हे आकडा पाहिलेल्यालाच सांगता येतं.

टाइम-आउटचंही तसंच. तो मुख्य प्रशिक्षकाने किंवा त्याच्या पहिल्या सहायकाने टेबलाकडे मागायचा असतो. खेळाडूने कोर्टावरून ओरडून चालत नाही. चौथ्या सत्राच्या शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट झाल्यावर घड्याळ थांबतं खरं, पण तेवढ्यावर बास्केट करणाऱ्या संघाला टाइम-आउट मिळत नाही, समोरच्याला मिळतो. जाणती पंचमंडळी अशा वेळी थ्रो-इन देण्यापूर्वी टेबलाशी दोन शब्द बोलतात: किती वेळ आहे, कोणाचे किती टाइम-आउट उरलेत, शॉट क्लॉक चालू ठेवायचं की बंद. टेबलावरून अंगठा वर आला, की मगच चेंडू खेळाडूच्या हातात.