नोकरी सांभाळून अपंगत्व-अभ्यास : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अपंगत्व-अभ्यास ही समाजशास्त्र, कायदा, शिक्षणशास्त्र आणि समाजकार्य यांच्या सीमेवर वाढलेली ज्ञानशाखा आहे. इमारतीचा जिना, परीक्षेची वेळ, भरतीचे नियम, बसची उंच पायरी आणि शेजाऱ्यांची नजर यांमुळे माणसाचे आयुष्य कसे आखडते, याचा शोध ती घेते. अपंग व्यक्तीला आपल्या गावात, आपल्या माणसांत, स्वतःच्या मर्जीने जगता यावे यासाठी काय बदलावे लागेल, हा तिचा उपयोजित भाग. त्याला समुदायातील समावेशन म्हणतात. जबलपुरात हा विषय शिकू पाहणारा माणूस बहुधा शाळेत, रेल्वेत, आयुध निर्माणीत किंवा एखाद्या संस्थेत नोकरी करत असतो, नाहीतर घरातल्या अपंग व्यक्तीची काळजी घेत असतो. नोकरी किंवा घर सोडून दोन वर्षे मुंबई-दिल्लीला राहणे त्याला शक्य नसते. त्याच्या कानावर माहितीच्या आधी गैरसमज पडतात.

गैरसमज : हा विशेष शिक्षकांचा कोर्स आहे

सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज हाच. विशेष बी.एड., वाचा-उपचार, श्रवणचिकित्सा, पुनर्वसन मानसशास्त्र हे व्यावसायिक अभ्यासक्रम आहेत. त्यांवर भारतीय पुनर्वसन परिषदेचे नियंत्रण असते. परिषदेचा कायदा १९९२ चा, आणि त्याच्या कलम १३ नुसार केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव नसताना पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपंगत्व-अभ्यासाची पदवी ही नोंदणी मिळवून देत नाही. ती घेतलेल्याने बहिऱ्या मुलाला वाचा-उपचार देणे बेकायदा ठरेल. तो उपचार जिल्ह्यातल्या खेड्यापर्यंत का पोहोचत नाही, शाळेत सांकेतिक भाषा का नाही, आणि त्या मुलाच्या आईला प्रमाणपत्रासाठी किती खेपा घालाव्या लागतात, हा अभ्यास मात्र तिचाच.

हा फरक जबलपूरशीच जोडलेल्या एका प्रकरणातून नेमका कळतो. मध्य प्रदेश न्यायिक सेवेच्या १९९४ च्या भरती नियमांतील नियम ६अ मुळे दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी उमेदवारांना न्यायाधीशपदाची वाट बंद होती. एका दृष्टिहीन उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका करून घेतली. तिच्यात समोरची बाजू होती जबलपूरला मुख्य पीठ असलेले मध्य प्रदेश उच्च न्यायालय. ३ मार्च २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने तो नियम रद्द केला. केवळ अपंगत्वामुळे कोणालाही न्यायिक सेवेपासून दूर ठेवता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ‘दिसत नाही तर हा माणूस कागद कसे वाचणार?’ हा वैद्यकीय चष्म्यातून पडणारा प्रश्न आहे. ‘कागद त्याला वाचता येईल अशा रूपात न्यायालय का देत नाही?’ हा अपंगत्व-अभ्यासाचा प्रश्न. पहिल्या प्रश्नात दुरुस्ती माणसाची करायची असते, दुसऱ्यात व्यवस्थेची. या दुसऱ्या दृष्टीला सामाजिक प्रारूप म्हणतात. तिचा पाया ब्रिटनमधील अपंग कार्यकर्त्यांच्या संघटनेने १९७६ मध्ये घातला आणि ‘सामाजिक प्रारूप’ हे नाव १९८३ मध्ये समाजशास्त्रज्ञ माइक ऑलिव्हर यांनी रूढ केले.

मोजणीचा प्रश्नही याच विषयातला. २०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. त्यांपैकी साडेपंधरा लाख मध्य प्रदेशात होत्या. जागतिक आरोग्य संघटना मात्र जगातील सुमारे १६ टक्के लोकांना लक्षणीय अपंगत्व असल्याचे सांगते. भारतीय माणूस सात पटींनी सुदृढ आहे, असा याचा अर्थ नाही. ‘घरात कोणी अपंग आहे का?’ असे दारात उभे राहून विचारले की उत्तर बहुधा ‘नाही’ येते. ‘चालताना, ऐकताना, गोष्ट लक्षात ठेवताना कितपत अडचण येते?’ असे विचारले की आकडा वाढतो. कायद्यातली व्याख्याही बदलत गेली : १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्याने अपंगत्वाचे सातच प्रकार मानले होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ते २१ केले; त्यांत सिकल सेल आजार आणि थॅलेसेमियाही आले. मध्य प्रदेशाच्या आदिवासी पट्ट्यात सिकल सेलचे प्रमाण मोठे असल्याने जबलपूर जिल्ह्यातल्या कुंडमसारख्या तालुक्यात काम करणाऱ्याला हा बदल समजून घेणे अत्यावश्यक आहे.

गैरसमज : अर्धवेळ शिक्षण म्हणजे कमअस्सल शिक्षण

या विषयाचा इतिहास नेमके उलटे सांगतो. जगातील पहिला अपंगत्व-अभ्यासक्रम मानला जाणारा पाठ्यक्रम १९७५ मध्ये सुरू झाला तो ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात, म्हणजे कामधंदा करत घरून शिकणाऱ्यांसाठी. तो घडवण्यात व्हिक फिंकेलस्टाइन यांचा मोठा वाटा होता. ते दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात तुरुंगवास भोगून ब्रिटनला आलेले, चाकाची खुर्ची वापरणारे कार्यकर्ते. सुरुवातीला त्या पाठ्यक्रमाच्या नावात ‘समाजातील अपंग व्यक्ती’ होती. पुढे अपंग लेखकांचा सहभाग वाढत गेला आणि १९९४ मध्ये त्याचे नाव ‘अपंग करणारा समाज’ या अर्थाचे झाले. विषयाचा सारा प्रवास त्या दोन नावांत मावतो. परिचारिका, समाजसेवक, शिक्षक आणि खुद्द अपंग माणसे दिवसा कामावर जे पाहत, तेच रात्री अभ्यासाला घेत. अर्धवेळ शिक्षण या विषयाला नंतर जोडलेले ठिगळ नव्हे. हा विषय तिथेच जन्मला.

भारतात कायदेशीर बाजूही स्वच्छ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या मुक्त व दूरशिक्षण विनियमांनुसार मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणातून मिळवलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असते. आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये ते पुन्हा जाहीर केले. मान्यता त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला आणि त्या विशिष्ट वर्षासाठी आहे का, हे प्रवेशापूर्वी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत पाहावे लागते. विशेष बी.एड.सारख्या अभ्यासक्रमाला त्याखेरीज पुनर्वसन परिषदेची मंजुरी लागते. अनेकांची फसगत होते ती इथे. विद्यापीठ खरे असते, पण त्या वर्षीची मंजुरी नसते.

‘अर्धवेळ’ या शब्दाबद्दलही घोळ आहे. भारतीय विद्यापीठांत एम.ए.ला अर्धवेळ प्रवेश असा पर्याय सहसा नसतो. नोकरदारासाठी तेच काम दूरशिक्षण करते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, म्हणजे इग्नूत, दोन वर्षांची एम.ए. पदवी चार वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. पीएच.डी. मात्र अर्धवेळ करता येते. आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी ती मुभा दिली असून त्यासाठी नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत पत्र लागते. पीएच.डी.ची मुदत सहा वर्षे आहे. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना दोन वर्षांची जादा सवलत मिळते.

गैरसमज : जबलपुरात काहीच नाही

अपंगत्व-अभ्यासाची स्वतंत्र पूर्णवेळ पदव्युत्तर पदवी हवी असेल तर बाहेर जावे लागते, हे खरे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत या विषयाचे केंद्र २००६ पासून आहे. पण घर न सोडणाऱ्यासमोरची पाटी कोरी नाही. इग्नूचे प्रादेशिक केंद्र जबलपुरात आहे. भोपाळच्या मध्य प्रदेश भोज मुक्त विद्यापीठाने पुनर्वसन परिषदेच्या सहकार्याने दूरशिक्षणातून विशेष बी.एड. राबवले आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या राणी दुर्गावती विद्यापीठातून, ज्याला शहर ‘रादुविवि’ म्हणते, समाजशास्त्र किंवा कायदा यांसारख्या विषयाच्या चौकटीत अपंगत्वावर संशोधन करणे हा आणखी एक मार्ग.

ग्रामीण भागासाठी वेगळी सोय झाली. चित्रकूटच्या महात्मा गांधी ग्रामोदय विश्वविद्यालयाने राज्याच्या जन अभियान परिषदेबरोबर २०१५ मध्ये सामुदायिक नेतृत्वावर भर देणारा समाजकार्याचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. राज्यातल्या सगळ्या ३१३ विकासखंडांत त्याचे वर्ग रविवारी ठेवले गेले. हा अपंगत्वाचा अभ्यासक्रम नव्हे. पण जबलपूर जिल्ह्यातल्या पाटण किंवा सिहोऱ्याची अंगणवाडी सेविका गाव न सोडता विद्यापीठाची विद्यार्थिनी होऊ शकते, हे त्याने दाखवले.

मराठी कुटुंबांत आणखी एक समजूत असते : नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात प्रवेश घ्यावा आणि जबलपुरातल्या केंद्रावर मराठीतून शिकावे. राज्याच्या मुक्त विद्यापीठाला अध्ययन केंद्रे आपल्या राज्याच्या हद्दीतच चालवता येतात. जबलपुरात बसून शिकणाऱ्याला इग्नू किंवा भोज हेच जवळचे, आणि भाषा हिंदी किंवा इंग्रजी.

गैरसमज : समावेशन म्हणजे वसतिगृह, शिबिर आणि मदतीचे वाटप

जबलपुरात कृत्रिम अवयव निर्माण महामंडळाचे, म्हणजे अलिम्कोचे, उत्पादन केंद्र आहे. तिथे बनणाऱ्या साधनांनी असंख्य माणसांना उभे केले आहे आणि त्याचे मोल मोठे आहे. तरी तीनचाकी मिळालेल्या माणसाला ती बाजारात नेता आली नाही, किंवा नेल्यावर दुकानात शिरता आले नाही, तर समावेशन झालेले नसते. २०१६ च्या कायद्याचे कलम ५ समुदायात राहण्याचा हक्क देते. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्ती हक्क करारातील अनुच्छेद १९ तेच सांगतो : कुठे आणि कोणाबरोबर राहायचे हे अपंग व्यक्तीने ठरवावे. आश्रमात सोय चांगली आहे, एवढ्याने हा हक्क भागत नाही.

या कामासाठी माणसे तयार करण्याचा अभ्यासक्रमही आला आहे. पुनर्वसन परिषदेने मेलबर्न विद्यापीठाच्या सहकार्याने आखलेला समुदाय-आधारित समावेशी विकासाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम १९ मे २०२१ रोजी सुरू झाला. तो पूर्ण करणाऱ्याला ‘दिव्यांग मित्र’ म्हणतात. आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या बरोबरीने त्याने घरोघरी जावे, अशी कल्पना आहे. इंग्रजी आणि हिंदीखेरीज ज्या सात भाषांत त्याचे साहित्य योजले गेले, त्यांत मराठी आहे. जबलपूरच्या महाकोशल भागात घरी मराठी आणि दारी हिंदी बोलणाऱ्या कार्यकर्त्याला हे दुहेरी सोयीचे आहे.

गैरसमज : हा विषय अपंगांनीच शिकायचा, आणि सवलती फक्त नियमित विद्यार्थ्यांना

२०१६ च्या कायद्याचे कलम ४७ शिक्षक, डॉक्टर, परिचारिका यांच्या शिक्षणक्रमांत अपंगत्वाचा घटक घालायला सांगते. त्याच कलमानुसार सर्व विद्यापीठांनी अपंगत्व-अभ्यासाचे अध्यापन आणि संशोधन यांना चालना द्यायची आहे, त्यासाठी अभ्यासकेंद्रे काढण्यासह. ‘सर्व’ या शब्दात प्रत्येक राज्य विद्यापीठ येते. हे कलम जितके स्पष्ट आहे, तितकेच दुर्लक्षित राहिले आहे. वास्तुविशारद, वकील, तहसील कार्यालयातला लिपिक यांना हा विषय ठाऊक नसणे, हीच अपंग माणसाची रोजची अडचण आहे.

सवलतींबाबत कलम ३२ सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना किमान ५ टक्के जागा आणि कमाल वयात ५ वर्षांची सूट देते. वर्गात रोज बसणारा आणि रविवारी बसणारा असा भेद त्यात नाही. परीक्षेत लेखनिक आणि दर तासामागे २० मिनिटांचा जादा वेळ देण्याचे केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ठरवले. विकास कुमार खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या ११ फेब्रुवारी २०२१ च्या निकालानंतर ४० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व असूनही लिहिण्यात अडचण असलेल्यांसाठी ऑगस्ट २०२२ मध्ये वेगळी तत्त्वे आली. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याचा वर्गशिक्षकाशी रोजचा संबंध नसल्याने ही मागणी त्याला परीक्षेच्या अर्जाबरोबरच, प्रमाणपत्राची प्रत जोडून, विद्यापीठाच्या केंद्राकडे लेखी करावी लागते.