जिवंत वृक्काचे सूक्ष्मदर्शन आणि अल्ब्युमिनचा वाद

वृक्काची अवस्था आपण वैद्य प्रायः मूत्रपरीक्षणावरून आणि रक्तातील क्रिएटिनिनच्या आकड्यावरून जाणतो. त्यापैकी क्रिएटिनिन पुष्कळ हानी झाल्यावरच वाढते. बायोप्सीत रचना दिसते, परंतु वाहते रक्त, गाळला जाणारा द्रव आणि पेशींचे शोषणकार्य तेथे थांबलेले असते. जिवंत प्राण्याच्या वृक्कात हे कार्य चालू असताना पाहण्याची सोय संशोधकांना गेल्या काही दशकांतच लाभली.

१९९० साली कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर व वेब यांनी द्विफोटॉन सूक्ष्मदर्शक मांडला. त्यातील अवरक्त लेझर किरण साध्या प्रकाशापेक्षा ऊतीत अधिक खोल शिरतात. रंगद्रव्याचा रेणू दोन फोटॉन जवळजवळ एकाच क्षणी शोषून घेईल तरच उजळतो, आणि हे किरण एकवटतात त्या बिंदूपाशीच घडते. तरीही वृक्कात ही दृष्टी सुमारे १०० ते १५० मायक्रॉनपर्यंतच पोहोचते. रक्त गाळणारे केशिकागुच्छ बहुतेक उंदीरवर्गीय प्राण्यांत याहून खोल असतात. म्युनिक-विस्टार जातीच्या उंदरांत मात्र काही गुच्छ पृष्ठभागालगत आढळतात. म्हणून या शोधकार्यात त्यांना मोठा मान आहे.

२००७ साली अमेरिकेतील इंडियाना येथून याच तंत्राने एक खळबळजनक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. निरोगी उंदराच्या वृक्कात अल्ब्युमिन पूर्वीच्या अनुमानाच्या सुमारे ५० पट गाळले जाते आणि पुढील नलिकेच्या पेशी ते परत घेतात, असे त्यात म्हटले होते. गाळणद्रवातील अल्ब्युमिनचे रक्तद्रवाशी प्रमाण ०.०३४ भरले होते. हे खरे मानल्यास मूत्रातील अल्ब्युमिनचा दोष गाळणीकडून नलिकेकडे जातो, आणि चिकित्सेचा रोखही बदलतो.

परंतु २००९ मध्ये इंडियानाच्याच टॅनर यांनी तेच मोजमाप पुन्हा केले. त्यांना हे प्रमाण सरासरी ०.००२ च्या आसपास मिळाले. केंद्राबाहेरील भागातून आलेला भटका उजेड शोधकयंत्राने टिपला की गाळणद्रव आहे त्यापेक्षा उजळ भासतो, हे त्यांनी दाखविले. चित्र तेच, उंदरांची जातही तीच. फरक उजेड गोळा करण्याच्या रीतीचा होता. डोळ्यांनी पाहिलेलेही शहानिशेस पात्र ठरते, हे आम्हांस या प्रकरणात विशेष वाटते.

तंत्राचे खरे सामर्थ्य कालानुक्रमे पाहण्यात आहे. २०१३ साली पेटी-पेटर्डी यांच्या गटाने उंदरांत तोच केशिकागुच्छ अनेक दिवस पुनःपुन्हा पाहिला आणि स्थिर समजल्या जाणाऱ्या पोडोसाइट पेशी जागा बदलतात असे नोंदविले. एकेका काचपट्टीवरून हे कळणे अशक्यच होते.

चरकांनी वृक्कांस मेदोवह स्रोतसांचे मूल म्हटले आहे. त्या वचनाला अशा चित्रांचा आधार जोडण्याचा मोह काहींना होईल. आम्हांस तो अनाठायी वाटतो, कारण या प्रयोगांत तो प्रश्न विचारलेलाच नाही.

औषधनिर्मात्या बंधूंना मात्र एक प्रत्यक्ष सूचना करावीशी वाटते. एखाद्या कल्पावर 'वृक्करक्षक' असा शिक्का मारून त्यासोबत उंदराच्या वृक्काचे रंगीत चित्र कोणी पुढे केले, तर प्राण्याची जात, मात्रा, औषध देण्याचा कालावधी आणि औषधाविना ठेवलेल्या गटाचे चित्र यांची मागणी करावी. शिवाय ही चित्रे भूल दिलेल्या प्राण्याचा वृक्क उघडा करून किंवा शस्त्रक्रियेने बसविलेल्या खिडकीतून घेतलेली असतात. रुग्णाच्या वृक्कात औषध काय करते याचे उत्तर त्यांत नसते. त्यासाठी मूत्रातील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांची क्रमशः तपासणीच करावी लागते.