ग्रुपमध्ये नाव घालणे म्हणजे किल्ली देणे

२७ जून २०१७ रोजी न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि कंटेनरचे काम हाताने करावे लागले. ‘खंडणीसाठी बंदरावर सायबर हल्ला’ ही त्या घटनेची ढोबळ ओळख आहे, पण ती दोन्ही अंगांनी चुकीची आहे. हल्ल्याचे लक्ष्य हे बंदर नव्हते. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलेला ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम मर्स्क या डॅनिश कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात शिरला, आणि उरण तालुक्यातले हे टर्मिनल, गेटवे टर्मिनल्स इंडिया, त्याच समूहाकडे असल्याने त्यात सापडले. खंडणी भरूनही फायली परत मिळाल्या नसत्या, कारण तो विदा पुसून टाकण्यासाठीच बनवलेला होता. पण आज अधिक महाग पडू शकेल असा गैरसमज तिसराच आहे: संगणक अपडेट केलेले नव्हते, म्हणूनच हे घडले. अपडेट न केल्याने उघड्या राहिलेल्या फटीतून नॉटपेट्या शिरत होता हे खरे; पण एकदा आत गेल्यावर तो संगणकाच्या मेमरीतून लॉगिनची माहिती उचलत होता, आणि त्या खात्याला जिथे ॲडमिनचा अधिकार असेल तिथे व्यवस्थित अपडेट केलेल्या यंत्रांतही पोहोचत होता. मोठ्या कार्यालयांत असा अधिकार सहसा डिरेक्टरीतल्या, म्हणजे खाती आणि अधिकार यांच्या मध्यवर्ती नोंदीतल्या, एखाद्या ग्रुपचे सभासद असल्यामुळे मिळतो. मर्स्कची ही डिरेक्टरी सांभाळणारे जवळपास १५० सर्व्हर पुसले गेले. वाचला तो एकच, घानामधला, आणि तोही वीज गेल्याने जाळ्यापासून तुटलेला होता म्हणून.

आता हेच ग्रुप सांभाळण्याची टूल एआय एजंटांच्या हाती दिली जात आहेत: सभासद जोडणे, काढणे, ग्रुप बनवणे, पुसणे. अशा टूलचे एजंटासाठी लिहिलेले वर्णन बहुतेकदा एका ओळीत उरकले जाते, कारण ग्रुप म्हणजे व्हॉट्सॲपसारखी नावांची यादी असा समज असतो. डिरेक्टरीतला ग्रुप हा किल्ल्यांचा जुडगा असतो. शिवाय एका ग्रुपमध्ये दुसरा ग्रुप बसवता येतो. समजा, ‘यार्ड नियोजन’ या ग्रुपमध्ये ‘रात्रपाळी’ हा ग्रुप घातलेला आहे. रात्रपाळीत एक नाव वाढवले की त्या माणसाला यार्डाच्या नियोजनाचाही अधिकार मिळतो, आणि यार्डाच्या थेट सभासदांच्या यादीत त्याचे नाव दिसतही नाही. प्रोग्रामांना मायक्रोसॉफ्टच्या डिरेक्टरीशी जोडणाऱ्या ‘मायक्रोसॉफ्ट ग्राफ’मध्ये थेट सभासद आणि साखळीतून आलेले सभासद विचारण्याच्या वाटा वेगळ्या आहेत. यादीही तुकड्यांनी येते, न सांगितल्यास एका वेळी १०० नावांची. हे वर्णनात लिहिलेले नसेल, तर एजंट पहिला तुकडा वाचून ‘एवढेच सभासद आहेत’ असे सांगून मोकळा होऊ शकतो.

एजंट हुशार आहे, त्याला अंदाज येईल, असा प्रतिवाद होतो. पण एजंटासमोर असते ते टूलचे नाव, वर्णन आणि भरायच्या माहितीची यादी. त्यावरूनच तो निवड करतो. अनुभवी सिस्टम ॲडमिनला न लिहिलेल्या गोष्टीही ठाऊक असतात. विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ग्रुप पुसून त्याच नावाने पुन्हा बनवला, तरी त्याचा अंतर्गत ओळखक्रमांक नवा असतो आणि जुन्या परवानग्या त्याला चिकटत नाहीत, हे तो जाणतो. अशी माहिती मॉडेलच्या वाचनात कुठेतरी आलीही असेल, पण ऐन वेळी ती आठवेल यावर बंदराचे काम सोपवणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

याच्या उलटा आक्षेप अधिक वजनदार आहे: कागदावर ‘जपून वापरा’ लिहिल्याने काय थांबणार? काहीच नाही, आणि हे मान्यच करायला हवे. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या, एजंटांना टूल जोडून देणाऱ्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये पुढे टूलवर ‘फक्त वाचणारे’ किंवा ‘विध्वंसक’ असे शिक्के मारण्याची सोय आली. त्याच नियमावलीत या शिक्क्यांना केवळ सूचना म्हटले आहे, आणि अनोळखी सर्व्हरकडून आलेल्या शिक्क्यांवर विसंबू नये असेही म्हटले आहे. कुलूप वेगळेच लागते: एजंटाच्या खात्याला मोजक्याच ग्रुपांवर अधिकार, ॲडमिनच्या ग्रुपांना हात लावण्याची मुभा नाही, पुसण्याआधी माणसाची संमती. तरीही लेखन वाया जात नाही, कारण टूलच्या हातून काय काय होऊ शकते हे नीट लिहायला बसल्यावरच कुलूप कुठे लावायचे ते ठरवता येते. ‘सभासद काढतो’ हे साधे टूल घ्या. विंडोजमध्ये लॉगिन होतानाच त्या व्यक्तीचे ग्रुप तिच्या टोकनमध्ये भरले जातात, त्यामुळे नाव काढल्यावरही चालू सत्रात जुना अधिकार राहतो. ‘काढले’ एवढेच उत्तर मिळालेला एजंट काम संपले असे कळवील, आणि ज्याचा अधिकार तातडीने थांबवायचा होता तो आतच असेल. म्हणून त्या टूलच्या वर्णनात हे आणखी एक वाक्य हवे: चालू सत्रे स्वतंत्रपणे बंद करावी लागतील.