शरदातली ओली पहाट

घट बसले, की जुन्नर तालुक्यात घराघरांत कामाची एकच धांदल उडते. चार महिने सर्दावलेल्या गाद्या-गोधड्यांना ऊन दाखवायचे, खळ्यावर आलेली बाजरी मळून वाळवायची, दसऱ्यासाठी झेंडू तोडायचा, टोमॅटोच्या क्रेट नारायणगावच्या बाजारात पोचवायच्या. आणि ज्यांच्या द्राक्षबागा आहेत त्यांनी छाटणी उरकायची. पावसाळा सरून शरद ऋतू आल्याचीच ही खूण.

मुलांनो, या दिवसांत एकदा पहाटे उठून अंगणात चक्कर मारा. अंगणातल्या मोटारसायकलचे सीट ओले झालेले दिसेल. पडवीत ठेवलेल्या सायकलचे मात्र कोरडे. उघड्यावरचे गवत ओलेचिंब, पण आंब्याच्या झाडाखालचे जवळजवळ कोरडे. रात्री पाऊस तर आला नव्हता. आजी म्हणेल, "दव पडलंय." पण दव खरोखरच वरून पडते का? वरून पडत असते, तर आडोशाच्या कडेलाही थोडेफार उडाले असते. शिवाय आदल्या दुपारी तर ऑक्टोबरच्या उन्हाने अंग भाजून निघाले होते. मग इतक्या कडक दुपारीच्या पाठोपाठ इतकी गार, ओली पहाट कशी? या दोन्ही कोड्यांचे उत्तर एकच आहे. आणि द्राक्षबागाइतदाराचे वर्षभराचे उत्पन्न त्या उत्तराशी बांधलेले आहे.

ढगांची गोधडी

प्रथम काही आकडे पाहू. पुण्याला ऑगस्टमध्ये दुपारचे तापमान सरासरीने सुमारे २८ अंश सेल्सियस असते आणि पहाटेचे सुमारे २१ ते २२ अंश. ऑक्टोबरमध्ये दुपारचे तापमान ३२ अंशांच्या जवळ जाते, पण पहाटेचे मात्र १८-१९ अंशांपर्यंत उतरते. म्हणजे दुपार अधिक तापली आणि पहाट अधिक गारठली!

ऑक्टोबरमध्ये सूर्य अधिक वर येतो म्हणून दुपार तापते काय? मुळीच नाही. नारायणगाव सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे. तेथे ऑगस्टच्या मध्याला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ८५ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. ऑक्टोबरच्या मध्याला तो ६२ अंशांपर्यंतच चढतो. सूर्य खाली उतरला, तरी ऊन वाढले. कारण मधले ढग गेले.

हेच ढग रात्री दुसरे काम करीत होते. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे उष्णतेची प्रारणे बाहेर टाकीत असते. लोखंडाची तापलेली सळई ती टाकते, तशीच तुमची वही टाकते, गवताचे पातेही टाकते. ही प्रारणे डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. आकाशात ढग असले, की ते हे किरण शोषून घेतात आणि त्यांतील बराच भाग जमिनीकडे परत पाठवितात. रात्री अंगावर घेतलेल्या गोधडीसारखेच हे झाले. शरदात ही गोधडी निघते. दिवसा ऊन सरळ आत येते आणि रात्री जमिनीची उष्णता सरळ बाहेर जाते.

ही उष्णता जाते तरी कोठे? अवरक्त किरणांपैकी काही विशिष्ट लांबीच्या लहरींना, साधारणपणे ८ ते १३ मायक्रोमीटर लांबीच्या लहरींना, निरभ्र हवा फारसा अडथळा करीत नाही. वातावरणाला असलेली ही जणू खिडकीच. अशीच दुसरी खिडकी रेडिओ लहरींसाठी आहे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या मोठमोठ्या जाळीच्या बशा तुम्ही पाहिल्या असतील. 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप' या दुर्बिणीच्या अशा ३० बशा परिसरात पसरलेल्या आहेत. त्या रेडिओच्या खिडकीतून अवकाशातील लहरी आत घेतात. द्राक्षाचे पान दुसऱ्या खिडकीतून आपली उष्णता अवकाशात पाठविते. आणि अवकाश तर अतिथंड! म्हणून शांत, निरभ्र रात्री पान भोवतालच्या हवेपेक्षाही तीन-चार अंशांनी, कधी त्याहूनही अधिक, गार होते.

पाणी आले कोठून?

आता ओलाव्याचा विचार करू. हवेत पाण्याची वाफ असते, पण किती वाफ मावेल याला मर्यादा आहे. ३० अंश तापमानाला एक घनमीटर जागेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ राहू शकते. २० अंशांना ही मर्यादा १७ ग्रॅमवर येते आणि १० अंशांना सुमारे ९ ग्रॅमवर. समजा, ३० अंशांच्या दुपारी हवेत घनमीटरमागे १७ ग्रॅम वाफ आहे. तेव्हा हवा कोरडीच वाटेल. पण रात्री पान २० अंशांच्या खाली गेले, की त्याला चिकटून असलेल्या हवेत ही वाफ मावेनाशी होते. जादा वाफेचे पानावरच पाणी होते. हेच दव. वाफेचे दव होऊ लागते त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. बर्फाचे पाणी भरलेला पेला बाहेरून ओला होतो, तोही याच कारणाने.

म्हणजे दव वरून पडत नाही. ते जागच्या जागी जमते. हे पद्धतशीरपणे सिद्ध केले विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या डॉक्टराने. त्याची साधने अगदी साधी होती. १० ग्रेन वजनाचे लोकरीचे झुपके तो रात्री बागेत निरनिराळ्या जागी ठेवी आणि सकाळी त्यांचे वजन करी. फळीच्या वर ठेवलेला झुपका पुष्कळ भिजे, फळीखालचा थोडाच. आकाश जितके मोकळे, तितके दव जास्त. १८१४ साली त्याने आपला 'दवावरील निबंध' प्रसिद्ध केला. बंगालमध्ये पसरट मातीच्या भांड्यांत पाणी भरून, ती गवतावर ठेवून हिवाळ्याच्या रात्री बर्फ धरीत असत. त्याचाही उलगडा त्याने याच तत्त्वाने केला.

तुम्ही विचाराल, आकाश तर एप्रिलमध्येही निरभ्र असते. मग तेव्हा दव का नाही? कारण तेव्हा जमीन सुकलेली असते आणि हवेत वाफ थोडी असते. पान कितीही गार झाले, तरी ते दवबिंदूपर्यंत पोचत नाही. शरदात मात्र मोकळे आकाश, पावसाने भिजलेली जमीन आणि पडलेला वारा या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. म्हणूनच संध्याकाळ झाली, की खळ्यावरची बाजरी ताडपत्रीने झाकतात आणि वाळत घातलेल्या गोधड्या दिवेलागणीपूर्वी घरात घेतात. आंब्याखालचे गवत कोरडे राहते, कारण त्याच्या वर मोकळे आकाश नसून उबदार पाने असतात. कोजागरीला गच्चीवर बसलो, की डोक्यावर काही घ्यायला सांगतात, तेही योग्यच. फक्त गारव्याचा दोष चंद्राला देऊ नये. पौर्णिमेचे चांदणे सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लाखाव्या हिश्श्याइतकेच असते. ते ना तापवते, ना गार करते. आकाश निरभ्र असल्याचा तो केवळ साक्षीदार!

दव आणि द्राक्षबाग

एवढेसे दव ते काय, असे कोणी म्हणेल. हिशेब करू. दवाचा थर मिलिमीटरचा दहावा हिस्सा धरला, तरी एका एकरावर सुमारे ४०० लिटर पाणी होते. म्हणजे दोन मोठी पिंपे!

ऑक्टोबरची छाटणी झाली, की आठ-दहा दिवसांत वेलीचे डोळे फुटतात. कोवळी पाने आणि त्यांच्यासोबत इवलेसे घोस बाहेर येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडायची द्राक्षे ती हीच. नेमक्या याच दिवसांत पाने तासन् तास ओली राहिली, तर केवडा रोग येतो. याला बागाइतदार 'डाऊनी' असेही म्हणतात. या रोगाच्या सूक्ष्म जीवाचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या पातळ थरात चक्क पोहतात आणि पानाच्या रंध्रांतून आत शिरतात. पाणी नसेल, तर त्यांना पोहता येत नाही. पाने तेलकट डागांनी भरतात, कोवळे घोस वाळतात, आणि छाटणी, खते, मजुरी यांवर केलेला सारा खर्च मातीमोल होतो. त्यासाठी काढलेले कर्ज मात्र फेडावेच लागते.

याच रोगाने एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील बागांचा फडशा पाडला होता. तेथे वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडीत. त्या वेली निरोगी राहिल्याचे मिलार्दे या शास्त्रज्ञाने हेरले. त्यातून १८८५ साली बोर्डो मिश्रण पुढे आले. आजही आपले बागाइतदार ते वापरतात.

पण फवारणीला पैसे पडतात, आणि ती वेळेवर झाली तरच उपयोगी. येथे भौतिकशास्त्र कामाला येते. सायंकाळी आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि जमीन ओली असेल, तर पहाटे दव येणार हे ओळखावे. गार हवा जड असल्याने ती उताराने खाली सरकते. म्हणून मीना नदीच्या किंवा ओढ्याच्या काठचा सखल भाग अधिक काळ ओला राहतो. पाहणी तेथून सुरू करावी. दाट फुटींची विरळणी केली, की मांडवात वारा खेळतो, सकाळचे ऊन आत येते आणि पाने लवकर सुकतात. रोगाला मिळणारे ओले तास कमी करणे, हीच खरी युक्ती.

करून पाहा

जुन्या फोटोची चौकटीसह काच, घासून लखलखीत केलेली स्टीलची थाळी आणि सारख्या वजनाचे कापसाचे तीन बोळे घ्या. काच व थाळी रात्री उघड्यावर, कोरड्या पोत्यावर शेजारी शेजारी ठेवा. कापसाचा एक बोळा उघड्यावर, दुसरा झाडाखाली आणि तिसरा पडवीत ठेवा. सूर्य उगवण्यापूर्वी उठून पाहा. बोळ्यांचे वजन करायला शाळेच्या प्रयोगशाळेतील तराजू मागून घ्या. आठवडाभर रोज आकाश, वारा आणि दव यांची नोंद वहीत करा. घरी द्राक्षबाग असेल, तर सकाळी पाने किती वाजता सुकली, तेही लिहा. ही वही वडिलांना दाखवा. फवारणी केव्हा करावी हे ठरविताना ती त्यांच्या उपयोगी पडेल.

आणि एक प्रश्न तुमच्यासाठी. काचेवर दव भरपूर जमेल, पण लखलखीत थाळीवर बरेच कमी. दोन्ही एकाच आकाशाखाली असूनही असे का? एक धागा देतो : चकचकीत धातू उष्णतेची प्रारणे फारच कमी टाकतो. पुढचे उत्तर तुम्हीच शोधा.