तीन भाषांच्या देशात प्रौढ विद्यार्थी

युरोपच्या नकाशावर लक्झेंबर्ग शोधायला थोडा वेळ लागतो. क्षेत्रफळ २,५८६ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहूनही लहान. लोकसंख्या पावणेसात लाखांच्या आसपास आणि तीतही जवळजवळ निम्मे परदेशी नागरिक. १९८४ च्या कायद्याने या देशात लक्झेंबर्गिश, फ्रेंच आणि जर्मन या तिन्ही भाषांना स्थान दिले. कायदे फ्रेंचमध्ये लिहिले जातात, शाळेत अक्षरओळख बहुतांशी जर्मनमधून होते आणि घरीदारी स्थानिक मंडळी लक्झेंबर्गिश बोलतात. बँकांत व वित्तसंस्थांत काम करणाऱ्या भारतीयांचे कार्यालयीन व्यवहार बहुधा इंग्रजीत चालतात. तिशी-पस्तिशीत तेथे गेलेल्या माणसापुढे म्हणूनच पहिला प्रश्न उभा राहतो तो कोणती भाषा आधी शिकायची, हा.

वय वाढले की भाषा येत नाही, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. कॅथरीन स्नो आणि मारियन हुफनागेल-ह्योले या संशोधिकांनी नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांची डच भाषेतील प्रगती तपासली. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक वेग आढळला तो १२ ते १५ वर्षांच्या मुलांचा आणि प्रौढांचा. तीन ते पाच वर्षांची बालके सर्वांत मागे होती. याउलट, सुमारे ६ लाख ७० हजार व्यक्तींच्या उत्तरांवर आधारलेल्या २०१८ च्या एका अभ्यासात व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता सतरा-अठरा वर्षांनंतर उतरणीला लागते, असे दिसले. या दोन निष्कर्षांत विसंगती नाही. प्रौढ माणूस सुरुवातीला वेगाने पुढे जातो; मात्र स्थानिकांसारखी बिनचूक भाषा त्याला क्वचितच साधते. दुकानात, दवाखान्यात, शाळेच्या पालकसभेत निभावून नेण्यासाठी तिची गरजही नसते.

अडचण येते ती दुसरीच. फ्रेंच बऱ्यापैकी येऊ लागलेला मराठी माणूस जर्मन बोलताना अडखळला, की त्याच्या तोंडून मराठी शब्द निघत नाही, फ्रेंच निघतो. ब्यॉर्न हामारबेर्ग आणि सारा विल्यम्स यांनी १९९८ मध्ये स्वीडिश शिकणाऱ्या एका इंग्रजी भाषक स्त्रीच्या बोलण्याचा अभ्यास मांडला, त्यातही हेच दिसले. नवे शब्द जुळवताना तिचे मन मातृभाषेपेक्षा आधी शिकलेल्या जर्मनकडे धाव घेत होते. मन जणू मातृभाषा एका कप्प्यात आणि साऱ्या परक्या भाषा दुसऱ्या कप्प्यात ठेवते. भाषा जितक्या जवळच्या, तितका हा गोंधळ अधिक. लक्झेंबर्गिश ही जर्मनची निकटची नातलग; पण तिच्यात ‘बोलणे’ या साध्या अर्थाने वापरले जाणारे ‘श्वेत्सेन’ हे क्रियापद प्रमाण जर्मनमध्ये ‘बडबड करणे’ असा अर्थ देते. आभार मानायला जर्मन माणूस ‘डांके’ म्हणतो, लक्झेंबर्गिश माणूस मात्र फ्रेंचांप्रमाणे ‘मेर्सी’. तेव्हा एक भाषा बोलण्याइतपत पक्की झाल्यावरच तिच्या सख्ख्या बहिणीला हात घालणे शहाणपणाचे.

मराठी माणसाच्या शिदोरीत काही गोष्टी मात्र आयत्या असतात. तीन लिंगांचा धाक त्याला वाटायला नको. ‘ते मूल’ म्हणणाऱ्याला जर्मनमधले नपुंसकलिंगी मूल नवे नाही. (सूर्य-चंद्रांची गंमत निराळी. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी व चंद्र पुल्लिंगी, फ्रेंचमध्ये नेमके उलट.) जर्मन गौणवाक्यात क्रियापद शेवटी जाते, आपल्यासारखेच. ‘तेवीस’मध्ये आपण आधी तीन आणि मग वीस म्हणतो, जर्मन संख्याही तशाच चालतात. फ्रेंच ‘त’ हा दंत्य असल्याने तो मराठी जिभेला इंग्रजांपेक्षा सोपा. आणि ‘तू’ कोणाला, ‘तुम्ही’ कोणाला, हा विवेक तर घरातच शिकवला गेलेला असतो.

खरी कसोटी घरी लागते. बेकरीत आणि उपाहारगृहात फ्रेंच चालते, म्हणून आईवडील सायंवर्गात फ्रेंच शिकतात. मुलगी सहा वर्षांची होते आणि दप्तरातून जर्मन वाचनपुस्तक घेऊन येते. शिक्षिकेची चिठ्ठी वाचून दाखवायची ती तिनेच. चिठ्ठीत तिच्याविषयीच तक्रार असली, तर अनुवाद कितपत विश्वासू होईल, हे सांगायला नको! लहान मुलावर दुभाष्याचे काम येऊन पडते, तेव्हा घरातील वडीलधारेपणही थोडे डळमळते. शाळेत जाणारे मूल असेल, तर आधी जर्मन शिकावी हेच बरे. दुकानातील फ्रेंच चुकतमाकत येतेच.

लक्झेंबर्गिशची गाठ नागरिकत्वाशी आहे. २०१७ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो. त्यासाठी या भाषेतील संभाषण व श्रवण यांची परीक्षा द्यावी लागते, लेखनाची नाही. वीस वर्षे राहिलेल्यांना परीक्षा माफ असून २४ तासांचा वर्ग पुरतो. नोकरदारांना ही भाषा शिकण्यासाठी २००९ च्या कायद्याने २०० तासांपर्यंत सवेतन रजेची सोय केली आहे. अभ्यासाहून सराव अवघड. शिकाऊ माणूस अडखळला, की समोरचा सौजन्याने फ्रेंचकडे किंवा इंग्रजीकडे वळतो आणि संभाषण सुरळीत होते. शिकणे मात्र तेथेच थांबते. ‘कृपया लक्झेंबर्गिशमध्येच बोला’ हे वाक्य म्हणूनच पहिल्या आठवड्यात पाठ करावे.

लक्झेंबर्ग दुहेरी नागरिकत्व मान्य करतो, भारत करत नाही. त्यामुळे परीक्षेचे प्रमाणपत्र हाती आले, तरी भारतीय पारपत्र परत करायचे की नाही, हे घरात बसून ठरवावे लागते. आणि ती चर्चा बहुधा मराठीतच होते.