आमचें कोरीव कामाचें मंडळ

शाळेच्या मागील बाजूस, विहिरीपलीकडे, कौलारू छपराची एक लांबट पडवी आहे. पूर्वीं तेथें मोडकीं बाकें टाकीत असत. गेलीं चार वर्षें दर शनिवारीं दुपारीं दोनपासून पांच वाजेपर्यंत त्या पडवींतून ठोकण्याचा मंद आवाज ऐकूं येतो, आणि वाटेनें जाणारे पालक क्वचित् आंत डोकावून विचारतात, "येथें बाकें दुरुस्त करितां काय?" बाकें आम्ही दुरुस्त करितों हें खरें, परंतु तो आमचा मुख्य उद्योग नव्हे. तेथें आम्ही लांकूड कोरतों. यंदां एका प्रसंगामुळें हें मंडळ राहतें कीं मोडतें असा प्रश्न उत्पन्न झाला होता. तेव्हां त्या पडवींत काय चालतें, हें पालकांस व इतर विद्यार्थ्यांस समजावून सांगणें आम्हांस आवश्यक वाटतें.

मंडळांत सध्यां एकोणीस सभासद आहेत. इयत्ता सातवीपासून दहावीपर्यंतचे अकरा मुलगे व आठ मुली. चित्रकलेचे शिक्षक देखरेख करितात. परंतु आमचे खरे गुरु म्हणजे मिस्त्रीआजोबा. त्यांचें वय बहात्तर असून सारी हयात पुण्याच्या पेठांतून सुतारकाम करण्यांत गेली. आपलें नांव छापूं नये असें त्यांनीं निक्षून सांगितलें आहे. ते आम्हांस एरव्हीं "बाळ" म्हणतात, आणि चूक झाली म्हणजे मात्र "अहो साहेब" म्हणतात. पडवींत "अहो साहेब" हे शब्द उमटले कीं एकोणीस माना एकदम वळतात.

नवख्यास वाटतें कीं लांकूड तें लांकूड. पहिल्याच दिवशीं हा समज जातो. झाड वाढतें तेव्हां त्याचे तंतू खोडाच्या लांबीस धरून रचले जातात. ह्या रचनेस आम्ही रेषा म्हणतों. मांजराच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरविला तर तें स्वस्थ बसतें, उलट फिरविला तर केंस उभे राहतात. लांकडाचेंही तसेंच आहे. पटाशी रेषेबरोबर चालली तर ढलपी अलगद सुटते व मागें गुळगुळीत अंग राहतें. रेषेविरुद्ध चालली तर ती तंतूंच्या खालीं शिरते आणि नको तेवढा तुकडा उपटून काढते. चाटूची वाटी कोरतांना हें उत्तम समजतें. कांठापासून तळाकडे उतरावयाचें, तळाशीं थांबावयाचें, आणि समोरच्या कांठापासून पुन्हां उतरावयाचें. तळ ओलांडून वर चढूं लागलेला मुलगा "अहो साहेब" ऐकल्यावांचून राहत नाहीं.

लांकूड वाळलेलें असावें लागतें. इंचभर जाडीस सावलींत एक वर्ष, असा सुतारांचा ठोकळ हिशेब आहे. वाळतांना लांकूड लांबींत जवळजवळ आंखडत नाहीं. आडव्या अंगांत आंखडतें, आणि तेंही सर्व बाजूंनीं सारखें नाहीं. म्हणूनच मधल्या गाभ्यासकट घेतलेला ओंडका पुढें तडकतो. एका सभासदानें घाईनें ओल्या आंब्याच्या लांकडाचें मोठ्या हौसेनें कासव केलें. दिवाळीच्या सुटींतून परत आलों तों कासवाची पाठ दुभंगलेली होती. तें आम्हीं मुद्दाम फळीवर ठेविलें आहे.

आरंभीं शिवणीचें लांकूड देतात. तें फिकें, हलकें व हाताला सौम्य असतें, आणि वाळल्यावर फारसें वेडेंवांकडें होत नाहीं. पहिली वस्तु चाटू हीच. घरीं नेतां येते, आमटींत बुडते, आणि आई तिचा दोष तत्काळ सांगते. यांत आम्हीं नवें असें कांहीं केलेलें नाहीं. फिन्लंड देशांत ऊनो सिग्नेउस यांच्या पुढाकारानें १८६६ सालीं ग्रामीण मुलांच्या शाळांतून हस्तव्यवसाय आवश्यक झाला; पुढें स्वीडनमधील नेस येथें ओटो सालोमन यांनीं 'स्लॉइड' या नांवानें तीच पद्धति बसविली व देशोदेशींचे शिक्षक तेथें शिकावयास जाऊं लागले. त्या पद्धतींतही घरांत उपयोगी पडणाऱ्या लहान वस्तूंपासूनच प्रारंभ होत असे. इकडे १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षणाचा विचार मांडला, हें वाचकांस ठाऊकच आहे.

आतां हत्यारांविषयीं. सपाट तोंडाची पटाशी प्रत्येक सुताराजवळ असते. कोरीव कामास तिच्याशिवाय गोल तोंडाच्या पटाश्या लागतात, कांहीं नुसत्या किंचित् वळलेल्या, कांहीं अर्धवर्तुळाएवढ्या खोल. इंग्लंडांतील शेफील्डच्या कारागिरांनीं ह्या वळणांस अनुक्रमांक दिले, व ते अद्यापि चालतात: तीन क्रमांकाची जवळजवळ सपाट, नऊ क्रमांकाची अर्धगोल, अकरा क्रमांकाची अरुंद व खोल. मिस्त्रीआजोबा क्रमांक जाणत नाहींत. ते पटाशीचें तोंड लांकडावर टेंकवून उमटलेली खूण पाहतात आणि हवी ती उचलतात.

पहिला महिना नव्या सभासदास कोरावयास मिळत नाहीं. त्यानें फक्त धार लावावयाची. पथरीवर तेल टाकून पटाशीचा उतार ठराविक कोनांत धरावयाचा, गोल पटाशी मनगटानें फिरवीत घासावयाची, आणि अखेरीस चामड्याच्या पट्ट्यावर ओढून कांठावरची केसासारखी कुसळें काढून टाकावयाचीं. पुष्कळ मुलांस हा महिना शिक्षेसारखा वाटतो, आणि दर वर्षीं दोघे-तिघे तेवढ्यांतच मंडळ सोडतात. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. परंतु जे राहतात त्यांस एक गोष्ट कळते: बोथट हत्यार हें धारदार हत्याराहून अधिक घातुक. धारदार पटाशी थोड्या जोरानें चालते, म्हणून ती हवी तेथें थांबते. बोथट पटाशीस अंगाचा सारा भार द्यावा लागतो, आणि ती निसटली म्हणजे तो भार कोठें जाईल याचा नेम नाहीं.

धार खरी लागली कीं नाहीं हें पाहण्याची सोपी रीत अशी. मऊ लांकडाच्या टोंकावर, म्हणजे जेथें तंतू आडवे कापले जातात तेथें, एक काप घ्यावा. कापलेलें अंग चकाकलें तर धार चांगली. त्यावर पांढरी रेघ उठली तर कांठास त्या ठिकाणीं खांच आहे. ही परीक्षा आपल्याच पटाशीची आपण करूं नये असा आमचा नियम आहे. ती शेजाऱ्यानें करावयाची. आपल्या धारेविषयीं प्रत्येकाचें मत उदार असतें.

साग आम्हांस मिळतो तो पाडलेल्या वाड्यांचा. पुण्यांतील जुने वाडे अर्धेअधिक लांकडाचेच होते. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून आलेल्या पुरांत नदीकांठचे पुष्कळ वाडे पडले. त्यानंतरच्या काळांत कित्येक वाड्यांच्या जागीं सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. तुळया, खांब, दारांच्या चौकटी जुन्या बाजारांत विकावयास येतात. ह्या सागाची जात उत्तम. त्यांतील तेलामुळें त्यास वाळवी सहसा लागत नाहीं. मात्र सागाच्या पोटांत वाळूच्या जातीचे अतिसूक्ष्म कण असतात. त्यामुळें तो पटाशीची धार लवकर खातो. साग किती टिकतो हें पाहावयाचें असेल तर कार्ल्याचें चैत्यगृह पाहावें. तेथें डोंगर पोखरून केलेल्या छतास खालून सागाच्या कमानदार फांसळ्या बसविल्या आहेत, व स्तूपावर लांकडाचें छत्रही आहे. सुमारें दोन हजार वर्षांचीं हीं लांकडें अद्यापि जागेवर आहेत. गेल्या हिंवाळ्यांत मंडळ तेथें गेलें होतें. छत अखंड खडकाचें असल्यामुळें त्या फांसळ्यांस कसलाही भार पेलावा लागत नाहीं; लांकडी घरें बांधण्याची संवय जडलेल्या कारागिरांस फांसळ्यांविना छत अपुरें वाटलें असावें, असें आमच्या शिक्षकांनीं सांगितलें. मिस्त्रीआजोबा बराच वेळ वर पाहत उभे होते. खालीं आल्यावर ते एवढेंच म्हणाले, "रेषा वळणाबरोबर धरली आहे."

पेशवाईच्या उत्तरकाळचें काम पाहण्यास पुण्याचा विश्रामबाग वाडा जवळ आहे. दुसऱ्या बाजीरावानें तो १८०७ च्या सुमारास बांधविला, आणि १८२१ सालीं तेथेंच संस्कृत पाठशाळा सुरू झाली. त्याच्या दर्शनी भागांतील कोरीव खांब सुरूच्या झाडाप्रमाणें वर निमुळते होत जातात. आमच्या वह्यांत त्या खांबांचीं इतकीं चित्रें आहेत कीं शिक्षक आतां दुसरें कांहीं काढा म्हणतात.

गेल्या जूनमध्यें दहावींतील एका सभासदाचा वडिलार्जित वाडा पाडण्यांत आला. सर्व लांकूड ठेकेदाराकडे गेलें. त्यानें एक हस्त तेवढा मागून घेतला. हस्त म्हणजे खांबाच्या माथ्याशीं तुळईस आधार देणारा कोरीव तुकडा. ह्यावर केळफूल व त्याच्या उलगडणाऱ्या पाकळ्या होत्या. हे नेहमीं जोडीनें असतात, एक डावा व एक उजवा. उजवा त्यास मिळाला. डावा आधींच विकला गेला होता. त्याच्या आजींनीं तो नव्या घरीं देवघरापाशीं ठेविला, पण "एकटा बरा दिसत नाहीं" असें त्या वारंवार म्हणत. तेव्हां त्याचा जोडीदार कोरण्याचें काम मंडळानें पत्करिलें.

नक्षी उलटविणें सोपें होतें. पातळ कागदावर ती उतरून कागद पालथा केला कीं डावा हस्त तयार. अडचण पुढें कळली. कागद पालथा करितां येतो, लांकडाची रेषा पालथी करितां येत नाहीं. जुन्या हस्तांत पाकळीच्या ज्या वळणावर कारागिरानें एका झटक्यांत पटाशी उतरविली होती, तेथेंच आमच्या तुकड्यांत रेषा उलट चढत होती. प्रत्येक पाकळीसाठीं दिशा नव्यानें शोधावी लागली. सात जण आळीपाळीनें बसत, व बाजूस बसलेला "थांब, उचलतेय" म्हणून सांगे. कारण कोरणाऱ्याचा डोळा धारेवर असतो, व लांकूड उपटूं लागल्याचें शेजाऱ्यास आधीं दिसतें.

ऑगस्टमध्यें त्याच कामावर तो प्रसंग घडला. नववींतील एक मुलगा घाईंत तुकडा शिकंज्यांत न आवळतां डाव्या हातानें धरून कोरीत होता. पटाशी निसटली व अंगठ्याच्या बुडाशीं लागली. तीन टांके पडले. दुसऱ्या आठवड्यांत कित्येक पालकांनीं मंडळ बंद करावें असें मुख्याध्यापकांस लिहिलें, व सभा भरली. मिस्त्रीआजोबांनीं उभें राहून सांगितलें कीं हत्यार आपण पाहिलें नाहीं, चूक आपली. मग आठवींतील एक मुलगी कोणी न विचारतां उठली आणि म्हणाली, "ती पटाशी आदल्या शनिवारीं मीं ठेविली होती. धार न लावतां ठेविली." सभेंत कोणी कांहीं बोललें नाहीं. ज्या मुलास लागलें होतें तो खालून म्हणाला कीं आपणही धार पाहिली नाहीं.

त्या मुलाच्या आईंनीं नंतर जो प्रश्न विचारला त्याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. एकोणीस मुलांस शिकंजे किती? चारच होते. मुलें हातांत धरून कोरणार नाहींत तर काय करतील, असें त्या म्हणाल्या, व तें बरोबर होतें. इतकीं वर्षें आम्ही शिस्तीवर बोलत होतों आणि शिकंज्यांवर बोलत नव्हतों. आतां दहा शिकंजे आहेत, व एका वेळीं दहाच जण कोरतात. बाकीचे धार लावतात किंवा चित्र काढतात. तो मुलगा व ती मुलगी आतां एकमेकांच्या पटाश्या तपासतात, व त्यांच्यापेक्षां कडक परीक्षक मंडळांत नाहीं.

कांहीं पालकांनीं असेंही विचारलें कीं संगणकावर चालणारें यंत्र आजकाल दारावरची सारी नक्षी कांहीं तासांत कोरून देतें, मग मुलांनीं हा वेळ कां घालवावा? यंत्राचें काम आम्हीं पाहिलें आहे. खोली सर्वत्र सारखी व नेमकी असते. मात्र त्याचें पातें फिरतें असल्यामुळें आंतला कोपरा तें तीक्ष्ण कापूं शकत नाहीं, गोल ठेवितें. असे यंत्रानें कोरलेले दरवाजे कोपरे काढण्यासाठीं मिस्त्रीआजोबांकडे येतात. त्यांत त्यांस कमीपणा वाटत नाहीं. "मोठें रान त्यानें तोडलें, कडा आपण तासायच्या," असें ते म्हणतात. परीक्षेच्या अभ्यासास बाध येतो या तक्रारीवर मात्र आमच्यापाशीं तयार उत्तर नाहीं. दहावीच्या मुलांस जानेवारीपासून सुटी दिली आहे, आणि ते तरीही येतात.

डावा हस्त अद्यापि पुरा झालेला नाहीं. नोव्हेंबरांत एका पाकळींत जुन्या खिळ्याचें मोडलेलें टोंक निघालें. लोहचुंबक फिरवून पाहिलें होतें, तरी तें खोल असल्यानें सांपडलें नाहीं. पटाशीस खांच पडली व पाकळीचें टोंक उडालें. त्याच तुळईचा, त्याच दिशेची रेषा असलेला तुकडा सरसानें जोडून तें पुन्हां कोरलें आहे. सांधा बोटास लागत नाहीं, उजेडांत तिरपें धरलें तर दिसतो. अजून दोन पाकळ्या व केळफुलाचा शेंडा राहिला आहे. हस्ताचा मालक मार्चनंतर शाळा सोडील. काम पुरें होईपर्यंत शनिवारीं येत राहीन असें त्यानें सांगितलें आहे.

ज्या पालकांच्या घरीं जुन्या सागाचे तुकडे पडून असतील त्यांनीं ते शनिवारीं दोननंतर पडवींत आणून द्यावे. खिळे काढूं नयेत. तें काम सातवीच्या मुलांस शिकवावयाचें आहे.