शिश्नगत व्रण, विषाणू आणि विलंब

काही वर्षांपूर्वी पंचावन्न वर्षांचे एक शेतकरी गृहस्थ शिश्नमणीवरील व्रण घेऊन माझ्याकडे आले. लज्जेपोटी चार महिने त्यांनी दुकानातून मलमे आणून लावली होती. मीही उपदंश समजून त्रिफळा क्वाथाचे प्रक्षालन व जात्यादी तेल यांत सहा आठवडे घालविले. बायॉप्सीत कर्करोग निघाला, तोवर वंक्षणातील ग्रंथी कठीण झाल्या होत्या. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांत ते गेले. त्या चुकीने जे शिकविले, ते वैद्यबंधूंपुढे ठेवीत आहे.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या १४ व्या अध्यायात १८ शूकदोष वर्णिले असून मांसार्बुद, मांसपाक, विद्रधी व तिलकालक यांना असाध्य म्हटले आहे. या स्थानीचा प्रत्येक व्रण लेपाने भरणारा नसतो, ही जाण आपल्या शास्त्रात आहेच.

आधुनिक संशोधनाने त्यात विषाणूची भर घातली. शिश्नाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत ह्यूमन पॅपिलोमा विषाणू (एचपीव्ही) आढळतो. त्यात १६ क्रमांकाचा प्रकार प्रमुख. त्याची ई६ व ई७ ही प्रथिने पेशींच्या वाढीस आवर घालणारी पी५३ व आरबी ही प्रथिने निकामी करतात. उरलेल्या रुग्णांत निरुद्धप्रकश, जीर्ण शोथ अथवा लायकेन स्क्लेरोसस ही पार्श्वभूमी बहुधा असते. धूम्रपानाने धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या वर्गीकरणात हे दोन गट वेगळे केले. बायॉप्सीच्या अहवालातील ‘पी१६’ चा उल्लेख याच भेदासाठी असतो.

अनेक अभ्यासांत विषाणुजन्य गटातील रुग्ण तुलनेने अधिक काळ जगल्याचे दिसते. तथापि रुग्णाचे भवितव्य सर्वाधिक ठरते ते रोग वंक्षणातील ग्रंथींत पोहोचला की नाही, यावर. विषाणू असणे-नसणे आपल्या हाती नाही; वेळ वाचविणे आहे.

म्हणून दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, गाठ, लाल चट्टा, मागे न सरणाऱ्या अग्रचर्माखालील दुर्गंधी स्राव यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णास मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठवावे. वंक्षण चाचपून पाहावे. बायॉप्सीपूर्वी क्षार वा दाहक लेप लावू नयेत. औषधविक्रेत्या बंधूंनी तेच मलम पुन्हा मागणाऱ्यास एकांतात विचारपूस करून वैद्याकडे धाडावे.

रुग्णाच्या पत्नीस गर्भाशयमुखाची तपासणी अवश्य सुचवावी. मात्र हा संसर्ग वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतो. तो आढळला म्हणून कोणाच्या चारित्र्याविषयी निष्कर्ष काढू नये. रुग्ण लज्जेने उशिरा येतो. आपल्या दारी आल्यावर तरी त्याचा आणखी वेळ जाऊ नये.